ओम्नीचं इंजिन घरी उतरवून बांधायचं आहे: घरी किती करावं, बाहेर किती द्यावं?

तळेगावकर
गाडी मारुती ओम्नी, १९९७, कार्ब्युरेटरची, तीन सिलिंडर ७९६ सीसी. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल लागतं. चढावर निळा धूर आणि ब्रीदरचा (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणारा) पाइप काढला की फकफक हवा मारतो.

कॉम्प्रेशन घेतलं आहे. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. एक नंबर ११, दोन नंबर ८, तीन नंबर ११ किलो. दोन नंबरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घेतलं तर १०.५ आलं.

जागा म्हणजे घरामागची काँक्रीटची पार्किंग, वर पत्रा. जॅक, घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड), गोटी पान्यांचा सेट आणि टॉर्क पाना आहे. लिफ्ट नाही. तीन प्रश्न आहेत: इंजिन खालून कसं काढायचं, काय घरी करायचं आणि काय बोअरिंगवाल्याकडे (सिलिंडर मशीनवर कापून देणाऱ्याकडे) द्यायचं, नुसत्या पिस्टनच्या रिंगा बदलून भागेल का?

फिलरगेज
खोलण्याआधी मोजलंत हे उत्तम केलंत. ऑइल टाकल्यावर ८ चं १०.५ होतंय म्हणजे गळती पिस्टनच्या बाजूला आहे, व्हॉल्व्हच्या नाही. व्हॉल्व्ह बसत नसता तर ऑइल टाकूनही आकडा फारसा हलला नसता. चांगल्या इंजिनाचं १२ च्या आसपास येतं आणि तिघांमध्ये एक किलोपेक्षा जास्त फरक नको.

बाकीच्या वाचकांसाठी: धूर कधी येतो ते आधी बघा. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना भसकन येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील. घाट उतरून खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दाबताच ढग निघाला तरी सील किंवा गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी). चढावर, लोडमध्ये सतत येत असेल तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरचं आतलं भोक). पहिल्या दोन प्रकारांत इंजिन उतरवायची गरजच नसते, हेडवर (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) काम भागतं. तळेगावकरांचं इंजिन मात्र उतरवावं लागणार.

प्राजक्ता_स
वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडे स्कूल व्हॅनवाल्यांना हा धागा पाठवते आहे.

नाना_मिस्त्री
इंजिन पुढच्या सीटखाली आहे आणि ते वर निघत नाही, खालीच उतरतं. हे एकदा पक्कं डोक्यात घेतलं की बाकी क्रम आपोआप लागतो.

गाडी हलवायच्या आधी एक काम: क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) पुलीचा बोल्ट जागेवरच ढिला करून घ्या. गाडी चौथ्या गिअरमध्ये, एक माणूस ब्रेकवर, आणि लांब दांड्याला गोटी लावून एकदा 'कट' आवाज येईपर्यंत. इंजिन जमिनीवर आल्यावर तोच बोल्ट अख्खं इंजिन गरगर फिरवतो, सुटत मात्र नाही.

मग बॅटरी काढा. कूलंट आणि इंजिन ऑइल सोडा. गिअरबॉक्स काढणार असाल तर त्याचंही ऑइल सोडा. दोन्ही सीट आणि खालचं झाकण काढा. वरून एअर फिल्टरचं डबडं, कार्ब्युरेटरच्या केबली, पेट्रोलचे दोन्ही पाइप (येणारा आणि परत जाणारा, दोघांच्या तोंडात बोल्ट खोचा), व्हॅक्यूमचे बारीक पाइप, डिस्ट्रिब्युटरच्या वायरी, अल्टरनेटर, सेल्फ (स्टार्टर मोटर), टेंपरेचर आणि ऑइल स्विचच्या पिना. प्रत्येक व्हॅक्यूम पाइपाला आणि त्याच्या नळीला एकाच आकड्याची चिकटपट्टी लावा आणि मोबाइलवर फोटो काढा. फोटो पुरेसा नसतो, कारण फोटोत मागचा पाइप दिसत नाही. म्हणून दोन्ही करा.

खालून सायलेन्सरचा पुढचा पाइप, क्लच केबल, स्पीडोमीटर केबल, गिअरची जोडणी, रिव्हर्स लाइटची वायर. प्रोपेलर शाफ्ट काढताना डिफरन्शियलच्या फ्लँजवर आणि शाफ्टवर आरपार एक रंगाची रेघ मारा आणि बसवताना रेघेला रेघ लावा, नाहीतर ६० च्या पुढे गाडी थरथरते. शाफ्ट ओढला की गिअरबॉक्सच्या शेपटीतून उरलेलं ऑइल गळतं. प्लॅस्टिकची पिशवी चढवून रबर लावून ठेवा.

आता वजन जॅकवर घ्या. चेंबरखाली (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) लाकडाची फळी ठेवा, थेट जॅक लावला तर पत्र्याचं चेंबर आत जातं आणि ऑइल पंपाच्या जाळीला टेकतं. मग माउंटिंग सोडा, इंजिन हळूहळू चाकांच्या पाटावर उतरवा. शेवटी गाडीची बॉडी वर उचलायची आणि इंजिन बाजूने ओढायचं.

चौथा_गिअर
नाना, गिअरबॉक्ससकट उतरवलेलं बरं नाही का? क्लचची अलाइनमेंट नंतर मोकळ्या जागेत सोपी पडते.

नाना_मिस्त्री
लिफ्ट असेल तर सकटच. घरी जॅकवर असेल तर नाही. दोन्ही मिळून लांबी वाढते, तोल मागे जातो आणि जॅकच्या थाळीवरून घसरतं. घरी आधी गिअरबॉक्स, मग इंजिन. बसवताना क्लच प्लेट मध्यावर आणायला जुन्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट भंगारात मिळाला तर सोन्याहून पिवळं. नाहीतर लाकडाच्या गोल दांड्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळून पायलटच्या (क्रँकच्या टोकाच्या मध्यावरच्या) भोकात आणि प्लेटच्या दातांत घट्ट बसेल एवढा जाड करा.

घाटवळण
सुरक्षिततेचं मोठ्याने सांगितलं पाहिजे. बॉडी उचलल्यावर खाली फक्त पक्क्या घोड्या ठेवायच्या, त्याही चॅसीच्या जाड पट्टीखाली. विटा, सिमेंटचे ब्लॉक, रिमची चळत, यांतलं काहीही नको. वीट वरून ठीक दिसते आणि न सांगता फुटते. जॅक हा उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. आणि गाडीखाली जायच्या आधी बाजूने जोरात ढकलून बघा. हलली तर खाली जायचं नाही.

उंचीचा हिशेब आधी करा. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड काढलेलं असताना चेंबरच्या तळापासून हेडच्या झाकणापर्यंतची उंची फूटपट्टीने घ्या, त्यात पाटाची उंची मिळवा. ज्या बाजूने ओढणार त्या बाजूची खालची पट्टी त्यापेक्षा चार बोटं वर हवी. हे न मोजता गाडी उचलली की इंजिन खाली, गाडी वर आणि दोघांच्या मध्ये दोन इंच कमी अशी वेळ येते, आणि तेव्हा घोड्या हलवणं सगळ्यात धोक्याचं.

पाना१४
+१ घाटवळण.

रिंगांच्या प्रश्नाकडे येतो. नुसत्या रिंगा चालतात, पण बोअर मोजून. बोअर स्टँडर्ड ६८.५० मिमी आहे. प्रत्येक सिलिंडरला तीन उंचींवर (वर रिंगेच्या रेषेखाली, मध्ये, तळाशी) आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी, म्हणजे सहा मोजमापं. तिन्ही सिलिंडर मिळून अठरा आकडे वहीत लिहा. गोलपणात किंवा वर-खाली ०.१० मिमीहून जास्त फरक असेल तर बोअरिंगशिवाय इलाज नाही. अंडाकृती बोअरमध्ये नवी रिंग म्हणजे नवा खर्च आणि जुना धूर.

वरच्या टोकाला नख अडकेल असा कंगोरा झाला असेल तर नवी वरची रिंग त्यावर आपटून मोडते. नख ही पहिली परीक्षा, बोअर गेज ही खरी.

वैदर्भीय
पाना१४ यांच्याशी थोडा असहमत. मोजमाप मर्यादेत असेल तर बोअर करून धातू घालवू नये. ०.२५ आणि ०.५० एवढेच दोन ओव्हरसाइझ आहेत, म्हणजे ६८.७५ आणि ६९.००. त्यानंतर स्लीव्ह (सिलिंडरमध्ये ठोकलेली नवी नळी). मर्यादेतल्या बोअरला ४५ अंशांच्या फुलीची होनिंग (आतून बारीक रेषा पाडणारी घासाई) आणि स्टँडर्ड रिंगा दिल्या की गाडी व्यवस्थित चालते. गॅरेजात 'फुल इंजिन करा' म्हणतात ते पुष्कळदा न मोजताच.

पाना१४
वैदर्भीय, आपण एकच म्हणतोय. तुमचा भर न कापण्यावर आहे, माझा मोजण्यावर. फक्त रिंग टाकताना जुन्या पिस्टनच्या खाचा बघा. नवी रिंग खाचेत ठेवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. वरच्या खाचेत ०.१२ ची पट्टी सहज जात असेल तर तो पिस्टन गेला, बोअर कितीही चांगला असो. खाच साफ करायला जुनीच रिंग मोडून तिच्या टोकाने कोळसा खरवडा. स्क्रूड्रायव्हरने खाचेची कड खराब होते.

तळेगावकर
मोजून कळवतो. म्हणजे आता प्रश्न राहिला बोअरिंगवाल्याला काय सांगायचं?

फिलरगेज
ही यादी नीट वाचा, कारण अर्धी इंजिनं इथेच बिघडतात.

पहिलं, पिस्टन आधी विकत घ्या आणि पिस्टन घेऊन जा. '५० चा बोअर मारा' असं सांगायचं नाही. 'या तीन पिस्टनच्या मापाने मारा' असं सांगायचं. पिस्टन स्कर्टला, पिनेच्या काटकोनात मोजतात आणि बोअर त्याहून ०.०३ ते ०.०४ मिमी मोठा ठेवतात. पिस्टनच्या डब्यावर वेगळा आकडा छापलेला असेल तर तो पाळायचा. घट्ट ठेवला की गरम झाल्यावर पिस्टन जाम होतो, सैल ठेवला तर थंडीत खडखड. कोणता पिस्टन कोणत्या सिलिंडरचा ते मार्करने लिहून आणा.

दुसरं, क्रँक. पिना आणि मेन जर्नल (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) मायक्रोमीटरने मोजून घ्या. गोलपणात ०.०१ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर ग्राइंडिंग, ०.२५ किंवा ०.५० अंडरसाइझ, आणि बेअरिंग त्याच मापाचे. ग्राइंडिंग करताना जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई राहिली पाहिजे. तिथे काटकोन झाला तर क्रँक तिथूनच तडकतो.

तिसरं, हेड. सरळ पट्टी आडवी, उभी आणि कर्णावर ठेवून खाली फिलर गेज घाला. ०.०५ च्या वर जात असेल तर फेसिंग (मशीनवर सपाट करणं). आपल्याकडे कूलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी घालतात, त्यामुळे ॲल्युमिनियमचं हेड पाण्याच्या भोकांच्या कडेला खाऊन जातं. तो खड्डा गॅस्केटच्या कड्याखाली येत असेल तर आधी वेल्डिंग, मग फेसिंग. नुसती पेस्ट भरून बसवलेलं हेड एका उन्हाळ्यात पुन्हा फुंकतं.

चौथं, ब्लॉकच्या मागे आणि बाजूला असलेले पाण्याचे पत्र्याचे बुच. इंजिन बाहेर आहे तोवर सगळे नवे ठोकून घ्या. गंजलेलं बुच गिअरबॉक्सच्या बाजूला गळायला लागलं तर पुन्हा हे सगळं उतरवायचं.

कोकणातला
व्हॉल्व्हचं काम घरी होतं. आधी जाड, मग बारीक लॅपिंग पेस्ट (व्हॉल्व्ह त्याच्या सीटवर घासून बसवायची), टोकाला चिकटणारी रबरी वाटी असलेली काडी आणि तळहातांमध्ये रवी फिरवल्यासारखं. सीटवर करड्या रंगाची सलग पट्टी दिसली पाहिजे, रुंदी सव्वा ते दीड मिमी. मग व्हॉल्व्ह बसवून हेड उलटं करा, व्हॉल्व्हभोवतीच्या खळग्यांत रॉकेल ओता आणि पाच मिनिटं पोर्टमध्ये बघा. ओलं झालं तर पुन्हा. व्हॉल्व्ह गाइडमध्ये बाजूला हलत असेल तर लॅपिंगचा उपयोग नाही, आधी गाइड. सील सहाही नवे.

प्राजक्ता_स
गॅसवर चालणाऱ्या ओम्नीलाही हेच का? स्कूल व्हॅनवाल्यांचं म्हणणं, पेट्रोलवर ठीक चालते पण गॅसवर टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) सारखे घट्ट होतात.

कोकणातला
बरोबर आहे त्यांचं. गॅस कोरडा जळतो, पेट्रोलचे थेंब व्हॉल्व्हला थंड करतात तसं गॅसमध्ये होत नाही. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतत जातो. रुतला की त्याचं मागचं टोक वर येतं आणि टॅपेटची फट कमी होते. म्हणजे खडखड वाढत नाही, उलट इंजिन गप्प होत जातं, आणि फट शून्य झाली की व्हॉल्व्ह बसतच नाही आणि जळतो. म्हणून गॅसच्या गाडीत आवाजावर विसंबू नका, दर १०,००० किलोमीटरला फिलर गेज लावा. हेड उघडलंच असेल तर एक्झॉस्टच्या सीट कडक धातूच्या बसवून घ्या. आणि गाडी रोज सुरू करताना आणि बंद करताना थोडी पेट्रोलवर चालवा, कार्ब्युरेटरचे रबरही शाबूत राहतात.

घाटवळण
रबरावरून आठवलं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. १९९७ च्या गाडीचे मूळ पेट्रोल पाइप, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचे ओ-रिंग त्यासाठी बनलेले नाहीत, फुगतात आणि चिरतात. इंजिन खाली आहे तोवर सगळे पाइप नव्या इंधन-दर्जाच्या रबराचे टाका. सीटखाली पेट्रोल गळणं म्हणजे थेट बसणाऱ्यांच्या खाली आग.

चौथा_गिअर
एवढं सगळं करण्यापेक्षा कुर्ल्याला सीएसटी रोडवरून तयार इंजिन आणून बसवलं तर? भंगारातल्या ओम्नीची कमी नाही.

नाना_मिस्त्री
दोन अडचणी. एक, इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तोच आरसीवर. ब्लॉक बदलला की आरटीओत नोंद करावी लागते, त्यासाठी विकत घेतल्याची पावती आणि जुन्या गाडीचे कागद हवेत. १५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना नंबर ताडतात, तिथे अडकाल. दुसरी, त्या इंजिनाचंही कॉम्प्रेशन तुम्हाला माहीत नसतं. स्वतःचाच ब्लॉक बोअर करून बांधला तर कागदाचा प्रश्न येत नाही. भंगारातून हेड, क्रँक, इनपुट शाफ्ट जरूर आणा, ब्लॉक आणू नका.

वैदर्भीय
बांधणीबद्दल लिहितो.

बोअरिंगहून ब्लॉक आला की तो स्वच्छ दिसतो, पण नसतो. होनिंगची बारीक भुकटी बोअरच्या रेषांमध्ये बसलेली असते आणि ती रॉकेलने जात नाही. गरम पाणी, भांड्याचा साबण आणि नायलॉनचा ब्रश. पांढऱ्या सुती कापडाला ऑइल लावून बोअर पुसा, कापड करडं झालं तर पुन्हा धुवा. तिसऱ्या-चौथ्या वेळी कापड पांढरं राहतं. त्यानंतर लगेच ऑइलचा हात फिरवा, नाहीतर अर्ध्या तासात पिवळा गंज. क्रँकच्या ऑइलच्या भोकांतून बाटली धुवायचा लांब ब्रश घालून मग हवा मारा. ग्राइंडिंगची भुकटी तिथेच लपते आणि पहिल्या पाच मिनिटांत नवे बेअरिंग खाते.

मेन बेअरिंगचे वरचे आणि खालचे अर्धे सारखे नाहीत. ब्लॉकमध्ये जातो त्याला ऑइलची खाच असते, कॅपमध्ये (बेअरिंग खालून धरणारी, बोल्टने कसायची पट्टी) जातो तो सपाट. उलट बसले तर कनेक्टिंग रॉडला ऑइल पोचत नाही. कॅपवरचे बाण पुलीकडे. कॅप आपापल्या जागीच.

मग प्लास्टिगेज, म्हणजे बेअरिंगची फट मोजायचा मऊ प्लॅस्टिकचा दोरा. कोरड्या जर्नलवर तो दोरा ठेवा, कॅप पूर्ण टॉर्कला कसा, क्रँक फिरवू नका, काढून चपटेपणा पट्टीशी ताडा. ०.०२ ते ०.०४ मिमी हवं, ०.०८ ही शेवटची मर्यादा. मेन कॅपचा टॉर्क ४.३ ते ४.८ kg-m (टॉर्क पान्यावरचं किलोग्रॅम-मीटर), कनेक्टिंग रॉडचे नट २.८ ते ३.२. प्रत्येक कॅप कसल्यावर क्रँक हाताने फिरवून बघा. ज्या कॅपनंतर जड झाला, दोष त्याच कॅपखाली. सगळे कसून झाल्यावर शोधायला बसलात तर सगळे पुन्हा सोडावे लागतात.

पाना१४
रिंगेची फट: रिंग बोअरमध्ये घालून उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकला आणि फिलर गेज लावा. ०.१५ ते ०.३५. कमी असेल तर कानशीने, आणि कानस बाहेरून आतल्या दिशेने. फटी एकमेकींपासून १२० अंशांवर, रिंगेवरचा मार्क वर, पिस्टनवरचा बाण पुलीकडे. रॉडच्या बोल्टवर रबरी पाइपाचे तुकडे चढवा, नाहीतर नव्या पॉलिश केलेल्या क्रँकवर ओरखडा ठरलेला.

पिस्टन हातोड्याच्या लाकडी दांड्याने हलकेच आत जातो. अडला तर थांबा. ऑइलची बारीक रिंग रिंगा दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरखालून निसटलेली असते, आणखी एक टोला दिला की मोडते.

तळेगावकर
मोजमाप झालं. दोन नंबर गोलपणात ०.१४ ने गेला आहे, एक आणि तीन ०.०६, ०.०७. म्हणजे तिन्हींना बोअर ना?

फिलरगेज
तिन्हींना. एकाला मोठा पिस्टन आणि दोघांना लहान ठेवले तर वजनात फरक पडतो, तीन सिलिंडरचं इंजिन आधीच थरथरतं. ०.२५ ने सगळं साफ निघतंय का ते बोअरिंगवाल्याला आधी विचारा. निघत असेल तर ०.५० वर उडी नको, ती पुढच्या वेळेसाठी राहू द्या.

कोकणातला
हेड बसवताना: बोल्टच्या भोकांत पाणी किंवा ऑइल साठलं असेल तर बोल्ट कसताना दाबाने ब्लॉक तडकतो. भोकं कापडाने कोरडी करा. बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, शेवटी ५.५ ते ६ kg-m.

टायमिंग बेल्ट: क्रँकच्या छोट्या पुलीवरचा ठिपका ऑइल पंपाच्या बॉडीवरच्या बाणाशी, कॅमच्या पुलीचा मार्क आपल्या खुणेशी. बेल्ट चढवा, टेन्शनर स्प्रिंगवर मोकळा ठेवा, क्रँक दोन पूर्ण फेरे हाताने फिरवा, मग टेन्शनर कसा. दोन फेऱ्यांनंतर मार्क पुन्हा जुळलेच पाहिजेत. टॅपेट थंड इंजिनावर ०.१५ च्या आसपास. फायरिंग ऑर्डर १-३-२, म्हणून क्रँक २४० अंश फिरवत एक, तीन, दोन असं जा.

नाना_मिस्त्री
बसवताना लोक अर्थिंगची जाड पट्टी विसरतात. मग सेल्फचा सगळा करंट क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलीतून जातो. सेल्फ आळसटल्यासारखा फिरला आणि केबलीतून धूर निघाला की समजा पट्टी राहिली.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी: ऑइल पंप बसवतानाच आत ऑइल भरा. इंजिन गाडीत गेल्यावर प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, दहा-दहा सेकंद सेल्फ मारा आणि मध्ये मिनिटभर विसावा. ऑइलचा दिवा विझला की मगच प्लग लावा. रेडिएटर हळूहळू भरा, गाडीचं नाक थोडं वर ठेवा, होज दाबत बुडबुडे काढा आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत झाकण उघडं ठेवा. वरचा होज गरम आणि खालचा गार असेल तर हवा अडकली आहे.

तळेगावकर
आणि रनिंग-इन (नव्या बांधलेल्या इंजिनाला सुरुवातीला जपून चालवणं)? गाडीला आरपीएमचा काटा नाही.

वैदर्भीय
कानाने. पहिली पंधरा मिनिटं आयडलिंगवर सोडू नका, आयडलिंगच्या दुप्पट आवाजावर ठेवा. कॅम आणि रॉकर तेव्हा एकमेकांना बसतात. मग लगेच रस्त्यावर. तिसऱ्या गिअरला ३० वरून ५० पर्यंत मध्यम दाबून न्या, मग पाय काढून ३० पर्यंत येऊ द्या, असं दहा-बारा वेळा. लोडमध्ये रिंगा बोअरला दाबल्या जातात, पाय काढल्यावर भुकटी ऑइलबरोबर खाली येते. हळूहळू एकाच वेगाने चालवत राहिलात तर बोअर गुळगुळीत होतो आणि रिंगा बसायच्या राहून जातात. ऑइल साधं खनिज २०डब्ल्यू-४०, साधारण तीन लिटर, डिपस्टिकवर बघत. ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, टॅपेट थंड इंजिनावर पुन्हा बघा.

तळेगावकर
मूळ प्रश्नाचं उत्तर वहीत असं लिहून घेतलं: उतरवणं, खोलणं, मोजणं, धुणं, लॅपिंग, बांधणं आणि बसवणं घरी. बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग आणि बुच बाहेर. पिस्टन घेऊन मगच बोअरिंगला. क्रँक पुलीचा बोल्ट आज सकाळी ढिला झाला, चौथ्या गिअरमध्ये.

नाना_मिस्त्री
छान. क्लच उघडलाच आहे तर मागचं क्रँकचं ऑइल सील आणि रिलीज बेअरिंग त्याच फेरीत बदला. आणि सील बसवताना ओठाला ऑइल लावा, कोरडं नको.